कोपऱ्यात काय आहे ते सांगायचं नाही

डॉ. गद्र्यांच्या घरी पहिल्यांदा जाणाऱ्याला चहा नंतर मिळे, आधी परीक्षा असे. मागच्या खोलीत नेऊन ते पाहुण्याला सोफ्यावर बसवत, दार लावत, जाड काळे पडदे ओढत आणि प्रोजेक्टर सुरू करत. कुठल्याशा जुन्या कृष्णधवल परदेशी सिनेमातला एक प्रसंग लागे. एक तळघर, वरून उतरणारा जिना, आणि डाव्या हाताला गच्च अंधारातला एक कोपरा. "कोपऱ्यात बघा," ते म्हणत. "सापडलं की नुसती मान हलवायची. काय आहे ते सांगायचं नाही."

पाहुण्याने मान हलवली की प्रोजेक्टर बंद आणि मग चहा. तो सिनेमा त्यांच्याकडे कोणी शेवटपर्यंत पाहिल्याचं मला माहीत नाही.

डॉक्टर एक्स-रे वाचणारे. सारी नोकरी रुग्णालयाच्या अंधाऱ्या खोलीत फिल्मवरच्या सावल्या शोधण्यात गेली. ही मान हलवण्याची शिस्तही तिथलीच. फिल्म लावली आणि एका विद्यार्थ्याने "सर, वरच्या कोपऱ्यात डाग" म्हटलं, की बाकीचे बघायचं सोडून देतात, असा त्यांचा अनुभव. "आधी बघा, मग बोला. आणि दुसऱ्याचं बघणं झाल्याशिवाय तर मुळीच बोलू नका," हे वाक्य त्यांच्या स्वतःच्याच इतकं अंगवळणी पडलं होतं, की सदाशिव पेठेत आमच्या इमारतीच्या सभेतही पार्किंगच्या नकाशावरून ते हेच ऐकवत.

मी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. अकोल्याहून आलेला, आयटीत नोकरीला. त्यांनी माझं नाव विचारलं होतं, पण वापरलं कधी नाही. "काय अकोला, तुमच्या कंपनीत नुसत्या मीटिंगा करतात, की कोणी प्रोजेक्टरचा मेन्यू वाचायलाही शिकवतं?" अशी आमची ओळख झाली. निवृत्तीनंतर त्यांनी हौसेने प्रोजेक्टर घेतला होता, भिंती काळ्या रंगवून घेतल्या होत्या, आणि आता ते गॅमापाशी अडले होते.

गॅमा म्हणजे मेन्यूतला एक आकडा. काळं काळंच राहतं, पांढरं पांढरंच. मधल्या राखाडी छटा किती उजळ आणि किती गडद दिसाव्यात, ते हा आकडा ठरवतो. दोन-दोन, म्हणजे २.२, ठेवला की सावल्या जरा मोकळ्या होतात, दोन-चार केला की दाटतात. खोली पूर्ण काळोखी असेल तर दोन-चार चांगला, असं जाणकार म्हणतात. डॉक्टरांना ते मनापासून पटलं होतं. "उजेड काय, ट्यूबलाइटही दाखवते. सावली दाखवता आली पाहिजे," ते म्हणत. तळघराचा तो कोपरा ही त्यांची फूटपट्टी होती. आत आहे ते चटकन दिसलं तर चित्र फिकं पडलं, दिसलंच नाही तर अंधारात बुडालं. डोळा जरा रेंगाळल्यावर दिसायला हवं.

या सगळ्या खटाटोपात त्यांच्या शेजारी कुमुदकाकू बसलेल्या असत. त्यांच्या पत्नी. सिनेमाची खरी आवड त्यांना. लग्नाआधी मैत्रिणींबरोबर तिकिटाच्या रांगेत उभ्या राहिल्याचे किस्से त्या रंगवून सांगत. प्रोजेक्टर आल्यावर सगळ्यांत जास्त त्याच हरखल्या होत्या. पण हळूहळू त्या मध्येच म्हणायला लागल्या, "अहो, जरा काळोखच वाटतोय मला."

"काळोख नाही तो. चित्र आहे," डॉक्टर म्हणत.

एका रविवारी दुपारी हा वाद माझ्यापुढे निवाड्याला आला. डॉक्टरांनी तळघर लावलं, आधी दोन-दोनवर, मग दोन-चारवर. "बोला अकोला. तुमच्या मतावर आज घरातली शांतता अवलंबून आहे."

खरं सांगायचं तर दोन-दोनवर मला बरं वाटलं होतं. पण डॉक्टर इतक्या आशेने बघत होते, आणि त्यांच्याकडून शाबासकी मिळणं ही इमारतीत मोठी गोष्ट होती. मी म्हटलं, "दोन-चार. प्रश्नच नाही."

"ऐकलंस, कुमुद? तिसऱ्या माणसाचं मत आहे. दिसलं ना कोपऱ्यातलं?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, आणि मान हलवली. नियमच तो होता. काय दिसलं हे विचारायची त्या घरात पद्धत नव्हती.

त्यानंतर काकूंनी काळोखाची तक्रार केली नाही. चहाचा कप टेबलाच्या कडेबाहेर ठेवला गेला, जिन्यात शेवटची पायरी चुकली, भाजीवाल्याकडे शेजारीच उभ्या असलेल्या ओळखीच्या बाईंना ओळख दिली नाही म्हणून त्या बाई रुसल्या. आम्ही सगळ्यांनी ते वयाच्या खाती टाकलं. काकूही हसून म्हणत, "आता मलाच कोणीतरी जागेवर ठेवा."

चष्म्याचा नंबर बदलायला गेल्या तेव्हा कळलं. काचबिंदू. दोन्ही डोळ्यांत, आणि बराच पुढे गेलेला. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली राखायची, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं.

त्या संध्याकाळी डॉ. गद्रे जिना चढून माझ्याकडे आले. त्याआधी ते कधी वर आले नव्हते. खुर्चीत बसले, पाणी नको म्हणाले.

"पेशंट माझ्या शेजारी बसून तक्रार सांगत होता, अकोला. काळोख वाटतो. इतकी सरळ तक्रार. आणि मी त्याला गॅमा शिकवत होतो."

मी काहीतरी म्हणालो, काचबिंदू गुपचूप येतो वगैरे. त्यांनी ते ऐकलं नाही. उठताना दारात थांबून म्हणाले, "त्या दिवशी तुम्हाला दोन-दोनच आवडलं होतं ना? तुमचा चेहरा मी पाहिला होता. मग बोलला का नाहीत?" आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून त्या खोलीत गॅमा एक-आठ झाला. चित्र पाणी घातलेल्या दुधासारखं दिसायला लागलं. जुने दर्दी पाहुणे नाकं मुरडत. "डॉक्टर, हे काय करून ठेवलंत?" एकाने विचारलंच. "चित्र चुकीचं आहे," डॉक्टर म्हणाले. "बघणारी बरोबर आहे." तळघराची परीक्षा बंद झाली. काकूंच्या डोळ्यांत थेंब ते स्वतः घालत, आणि सिनेमा चालू असताना पडद्याऐवजी त्यांच्याकडे बघत बसत. "दिसतंय?" थोड्या वेळाने पुन्हा, "दिसतंय?" काकू म्हणत, "छान दिसतंय हो." तेवढ्यापुरता त्यांचा चेहरा सैल होई.

मला मात्र त्यांचे टोमणे हवे होते. ते बंद झाले. मला ते माझ्या नावाने हाक मारू लागले. मी खाली जाणं कमी केलं. कामं आहेत, असं सांगत राहिलो. कामं कुणाला नसतात?

गेल्या हिवाळ्यात डॉक्टर गेले. सकाळी चहा घेताना, फार त्रास न होता. दिवसकार्य आटोपल्यावर काकूंनी मला बोलावून घेतलं. एकट्याच होत्या. भिंतीला हात लावत मला मागच्या खोलीत घेऊन गेल्या.

"ह्यांचा तो आकडा लाव रे. दोन-चार. आणि ते तळघर."

"काकू, तुम्हाला दिसणार नाही त्यात."

"एक-आठवर तरी कुठे दिसत होतं?" त्या अगदी सहज म्हणाल्या. "सुरुवातीला थोडं दिसायचं. मग तेही गेलं. मी नुसतं ऐकायचे. पण हे सारखं विचारायचे. दिसत नाही म्हटलं असतं तर जेवले नसते."

मी पडदे ओढले. आकडा बदलला. तळघर आलं, जिना आला, आणि डाव्या हाताची ती दाट, सुरेख सावली. डॉक्टरांचं बरोबर होतं, चित्र असंच हवं. मला ते बघवेना.

"आता सांग," काकू म्हणाल्या. "त्या कोपऱ्यात आहे तरी काय? मला कधीच धड दिसलं नाही. मी आपली मान हलवायचे."

इतक्या वर्षांत ते मी कुणाला मोठ्याने सांगितलं नव्हतं. नकळत दाराकडे पाहिलं.

"बाई आहे, काकू. भिंतीला टेकून बसलीये. अंगावर शाल आहे. वर माणसं तिला शोधतायत, आणि ती आवाज न करता बसून आहे."

काकूंनी पडद्याच्या दिशेने तोंड वळवलं.

"बाई होय!" त्या म्हणाल्या. "अंधुक दिसायचं तेव्हा मला वाटायचं, बटाट्याचं पोतं असेल." आणि त्या हसल्या, पदर तोंडाला लावून, चांगल्या मनापासून. मग माझ्या बाजूला हात पुढे करून त्यांनी चाचपत माझं मनगट धरलं.

"तू आता रविवारी येत जा. आणि मला सगळं सांगत जा. विचारायची वाट बघू नकोस."