अमेरिकेत खाद्य, दिग्रसला औषध

लोकांना वाटतं, किस्से गप्पिष्ट माणसाकडे साठतात. साफ चूक! ते भित्र्या माणसाकडे साठतात. धीट माणूस प्रसंग झाला की विसरतो. माझ्यासारख्याच्या पोटात त्याचा गोळा होऊन बसतो. दिग्रसजवळच्या एका आयुर्वेदिक औषधांच्या कारखान्यात मी अकरा वर्षं क्वालिटी कंट्रोल बघतोय. माझ्या सहीशिवाय एकही डबा गेटबाहेर जात नाही. मित्रांना यात मोठा मान दिसतो. मला मात्र सही करताना चमचा तोंडात घालणारी माणसं दिसतात. खरं सांगतो, मला त्या सहीची भीती वाटते.

*

आमचा चालणारा माल म्हणजे गुडघेदुखीचं चूर्ण. मिक्सर एकच, चूर्ण एकच, पण देशागणिक त्याची जात बदलते. आपल्याकडे ते औषध. अमेरिकेत तेच फूड सप्लिमेंट, म्हणजे खाण्याच्या वस्तूंत जमा! तिकडच्या डब्यावर इंग्रजीत चक्क छापावं लागतं की हे कोणताही आजार बरा करण्यासाठी नाही.

एकदा पॅकिंगमध्ये गोंधळ झाला आणि अमेरिकेची लेबलं पुसदच्या डब्यांवर चिकटली. गाडी गेल्यावर माझ्या लक्षात आलं. इकडे औषध म्हणून विकायचं आणि डब्यावर आपणच लिहायचं की याने काही बरं होत नाही? शिवाय लायसन्स नंबर गायब. इन्स्पेक्टरच्या हाती एक डबा लागला असता तर मी आत होतो. लगेच पुसदच्या दुकानदाराला फोन लावला आणि म्हटलं, ‘‘भाऊ, एकही डबा विकू नका!’’

‘‘काहून साहेब? असाच पाठवत जा ना! इंग्रजी पाहून लोकं दोन-दोन नेऊन राह्यले!’’

उरलेले डबे परत आणायला मी स्वतः एसटीने गेलो. सात परत मिळाले.

*

युरोपचा नियम वेगळा. हे औषध लोक तीस वर्षं घेताहेत याचा पुरावा आणा, म्हणतात. चूर्णाची कृती ज्यांच्या घराण्यातली, त्या आमच्या वैद्यकाकांकडे पुरावा म्हणजे वडिलांची एक वही, तीही अर्धी वाळवीने खाल्लेली. माल परदेशी पाठवून देणारा दलाल म्हणाला, ‘‘एखाद्या जुन्या पेशंटचा व्हिडिओ पाठवा. पुढचं मी बघतो.’’

कारखान्याच्या मालकांनी, म्हणजे शेठजींनी, बोरी अरब गावाहून एक आजोबा आणवले. कॅमेरा माझ्या हातात. खोटं बोलायला लावलं तर व्हिडिओखाली सही माझीच! पण आजोबा प्रामाणिक निघाले.

‘‘चाळीस वर्ष झाले, मी हेच घेऊन राह्यलो.’’

शेठजी खूश. ‘‘मग फरक पडला ना, बाबाजी?’’

‘‘फरक पडला असता तं चाळीस वर्ष कायले घेतलं असतं?’’

*

आखातातल्या एका व्यापाऱ्याला आमचं आसव हवं होतं. आसव आंबवूनच होतं, त्यात थोडं अल्कोहोल येणारच. तिकडे ते चालत नाही. वैद्यकाका दलालाला फोनवर सांगत होते, ‘‘अहो, आम्ही घालत नाही, ते आपोआप येतं!’’

पलीकडून आवाज आला, ‘‘तुम्ही या बाटल्या घेऊन, तुम्हालाही विमानतळावर आपोआप आत घेतील!’’

बाटल्या घेऊन आमच्याकडून जाणार होतो मी. महिनाभर मी पासपोर्ट सापडत नाही म्हणून सांगत होतो!

*

जाहिरातीचा कायदा आपल्याकडेही आहे. मधुमेह बरा करतो असं लिहायचं नाही म्हणजे नाही. शेठजींच्या साळ्याने नेमकं तेच मारेगावात भिंतभर रंगवून ठेवलं. यवतमाळहून तपासणी निघाल्याची कुणकुण लागली तसा मी चुन्याची बादली घेऊन धावलो. घाईत नुसता ‘मधुमेह’ तेवढा पुसला गेला. भिंतीवर उरलं, ‘मुळापासून बरा करतो!’

दुसऱ्या दिवशी त्याच्या दुकानात एक गिऱ्हाईक विचारायला आलं, ‘‘काय बरं करते हे?’’

साळा म्हणाला, ‘‘तुमाले काय झालं ते सांगा ना! तेच!’’

सगळे हसतात हे ऐकून. मीही हसतो. तपासणीची गाडी त्या भिंतीपुढे उभी राहिली होती, ते मी सांगत नाही.

*

आता यंदाची गोष्ट.

परदेशी जाणाऱ्या चूर्णात शिसं किती आहे, हे तपासून घ्यावंच लागतं. अमेरिकेच्या एका लॉटचा रिपोर्ट आला आणि मी खुर्चीत बसलो तो बसलोच. शिसं मर्यादेच्या कितीतरी वर. मुळ्यांतून आलं, मातीतून आलं की गिरणीतून, कोणालाच माहीत नाही. शिसं पोटात गेलं की हाडांत जाऊन बसतं.

शेठजींनी रिपोर्ट वाचून घडी घातली. ‘‘तिकडच्या कायद्यात बसत नाही ना? मग इकडचं लेबल लावा. इकडे हा कागद मागतो कोण?’’

‘‘शेठजी, लोक खातील हो हे!’’

‘‘तुम्हाला जमत नसेल तर सांगा. दुसरा माणूस बघतो.’’

मी सही केली. नोकरी जाईल म्हणून घाबरून केली, आणि केल्यावर त्याहून जास्त घाबरलो.

आमच्याकडे एक रीत आहे. इकडच्या बाजारात नवा लॉट निघाला की पूजा होते, नारळ फुटतो आणि पहिला चमचा शेठजी सगळ्या कामगारांसमोर स्वतः खातात. त्यांच्या वडिलांपासून चालत आलंय. परदेशी मालातला चमचा मात्र कामगारांनी चाखायचा नाही. तो भारी माल, त्याचा डबा डबा मोजलेला.

त्या सकाळी त्याच लॉटची पूजा झाली. वैद्यकाकांनी चमचा भरून पुढे केला. शेठजी माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘‘आज माझा उपास आहे.’’

वैद्यकाकांचा हात तसाच हवेत.

पॅकिंगच्या पंचफुलाबाई पुढे आल्या. आमच्याकडे सगळ्यांत जुन्या, आणि त्यांचे दोन्ही गुडघे गेलेले. त्यांनी पदराला हात पुसला आणि तळवा पुढे केला.

‘‘शेठजीचा उपास, तं मले द्या. पहिला चमचा वापस नाही ठेवू.’’

चूर्ण त्यांच्या तळहातावर पडलं. त्यांनी हात तोंडाकडे नेला.

‘‘बाई, खाऊ नका!’’ मी ओरडलो. अकरा वर्षांत मी त्या कारखान्यात आवाज चढवला नव्हता.

पंचफुलाबाईंचा हात थांबला. त्यांनी चूर्णाकडे बघितलं, मग माझ्याकडे. ओशाळून म्हणाल्या,

‘‘काहून साहेब? अमेरिकेचा आहे का हा?’’