डिझेलच्या गाडीचा क्लच

हातकणंगल्याच्या अलीकडं उसाच्या ट्रॉलीला ओव्हरटेक करताना माझ्या गाडीनं मला पहिल्यांदा दगा दिला. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर पुढं होता, समोरचा रस्ता मोकळा दिसत होता. तिसरा गिअर टाकून मी ॲक्सिलरेटर दाबला. इंजिनचा आवाज टिपेला गेला, आरपीएमचा काटा वर उडाला, पण गाडीचा वेग होता तेवढाच राहिला. समोरून दुधाचा टँकर येताना दिसला. मी ब्रेक मारून परत ट्रॉलीमागं घुसले. टँकरवाला हॉर्न दाबतच निघून गेला. गाडीत जळक्या रबरासारखा वास भरला होता.

गाडी माझी म्हणजे खरोखर माझीच. मी हायस्कूलमध्ये पी.टी. शिकवते. पगारातून साठवून साठवून ही टर्बो इंजिनची जुनी पेट्रोल गाडी घेतली. आधीच्या मालकानं तिच्या इंजिनाचं प्रोग्रॅमिंग बदलून ताकद बरीच वाढवून घेतली होती. घरात कुणालाच हे पटलं नव्हतं. माझे मिस्टर पन्हाळ्याला तालुका कचेरीत आहेत, स्कूटरवर जातात-येतात. ते म्हणाले होते, "अगं, शाळा घरापासून तीन किलोमीटर. तुला विमान कशाला पाहिजे?" पण मी कॉलेजात कबड्डी खेळलेली बाई. विद्यापीठाच्या संघात चढाईला असायचे. गाडी जोरात सुटली की समोरच्याला हुलकावणी देऊन रेषेकडं झेपावल्यासारखं वाटायचं. हे त्यांना कसं सांगणार?

त्या संध्याकाळी घरी टँकरचं काही बोलले नाही. क्लच गेलाय, एवढंच सांगितलं. मिस्टर म्हणाले, "मग विकूनच टाक की. ऑटोमॅटिक घे एखादी साधी." मी नाही म्हणाले. माझ्या 'नाही'त जरा जास्तच जोर होता, कारण विकायचं एक कारण माझ्याकडंही होतं आणि ते मला कुणाला कळू द्यायचं नव्हतं.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी डाव्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं होतं. डॉक्टर ऑपरेशन करा म्हणाले, मी केलं नाही. चार-सहा महिन्यांत चालायला लागले, नोकरी लागली, सगळे विसरले. गुडघा तेवढा विसरला नाही. गेली वीस वर्षं तो कमी-जास्त रोज दुखत होता. पी.टी.च्या बाईंचा गुडघा दुखतो म्हटलं की शाळा मैदानावरून उचलून ऑफिसच्या टेबलाशी बसवणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून मी मुलींना उड्या मारून दाखवायचे आणि घरी आल्यावर दार लावून गुडघ्याला बर्फ लावायचे.

आमच्या प्रकारच्या गाड्या असणाऱ्यांचा मोबाईलवर एक ग्रुप आहे. त्यात विचारलं, तर सगळ्यांचं एकच म्हणणं पडलं. एवढ्या ताकदीला कंपनीचा क्लच टिकणार नाही, रेसिंगचाच टाका. इचलकरंजीच्या एका सभासदानं तो बसवला होता. मी त्याची गाडी बघायला गेले. सीटवर बसून पेडल दाबलं आणि गुडघ्यातून कळ थेट कमरेपर्यंत गेली. भिंत ढकलावी तसं पेडल. तो शेजारी उभा राहून विचारत होता, "कसं वाटतंय, मॅडम?"

"काही विशेष नाही," मी म्हणाले. "होईल सवय."

परत येताना बसमध्ये मी गुडघा दोन्ही हातांनी धरून बसले होते. तरी ठरवलं, रेसिंगचाच घ्यायचा. दुसरा टिकत नसेल तर काय करणार? पण त्या पेडलवर शाळेपर्यंतही रोज जाता येणार नाही, हेही दिसत होतं. म्हणजे क्लच बसवून चार महिन्यांनी गाडी विकायचीच होती. फक्त कारण दुसरं काहीतरी सांगायचं होतं.

उद्यमनगरातल्या एका जुन्या मिस्त्रींकडं गाडी दिली. साठीच्या पुढचा माणूस, मोठ्यानं बोलणारा. मी शाळेतली म्हणून मला 'बाई' म्हणायचे. आधी गिअरबॉक्स उतरवून जुना क्लच बघायचा, मग मी नवा रेसिंगचा मागवायचा, असं ठरलं. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर गेले, तर त्यांनी सगळं बाकावर मांडून ठेवलं होतं. क्लच प्लेट पार झिजून निळी-काळी पडली होती. पण मिस्त्री तिच्याकडं बघतच नव्हते. त्यांनी क्लच प्लेटला दाबून धरणारी प्रेशर प्लेट उचलून उजेडात धरली. तिच्या मधोमध पोलादी बोटं असतात, पेडल दाबलं की बेअरिंग येऊन त्या बोटांवर टेकतं.

"हे बघा बाई. बोटं घासून घासून आरसा झाल्यात. बेअरिंग तर खुळखुळा झालंय. ह्याचा अर्थ काय, म्हायती हाय?"

"काय?"

"तुमचा पाय कायम पेडलवर असतोय. गाडी पळत असली तरी. क्लच अर्धा दाबलेलाच ऱ्हातोय मग. निस्त्या इंजिनाच्या ताकदीनं न्हाय जळला ह्यो."

त्यांनी हात पुसले आणि आवाज जरा खाली आणला. एरवी त्यांचं बोलणं रस्त्यापलीकडं ऐकू जायचं.

"काल गाडीतनं उतरताना तुम्ही मांडीला हात लावून पाय उचलून भाईर ठेवला. म्या बघितलं. गुडघा दुखतोय न्हवं?"

वीस वर्षांत हे मला पहिल्यांदा कुणीतरी विचारत होतं. मी नुसती मान हलवली. पाय उचलून बाजूला ठेवायचा आणि परत पेडलवर न्यायचा, याचा त्रास व्हायचा, म्हणून तो तिथंच ठेवायची सवय लागली होती. माझी मलाच ती ठाऊक नव्हती.

"आणि घेणार हाय रेसिंगचा," मिस्त्री म्हणाले. "खुळ्या का काय तुम्ही?"

मी म्हणाले, "मग दुसरा टिकणार कसा? कंपनीचा घातला तर वर्षात परत हेच."

ते थोडा वेळ दाढी खाजवत बसले. मग म्हणाले, "ह्याच गाडीचं डिझेल मॉडेल हाय की. त्येच्या इंजिनाला ओढ जास्त. कंपनीनं त्येचा क्लच तेवढी ओढ सोसंल असा मोठा केलाय, पर पेडल हलकंच ठेवलंय. घरातलं समदं ती गाडी चालवत्यात, म्हातारीकोतारी सुदिक. तो घालू. फ्लायव्हील, म्हंजी क्लच ज्याच्यावर बसतोय ते चाक, ते पण त्येचंच."

"बसेल?"

"शाफ्टवर चढवून बघितल्याबिगर न्हाय सांगत मी."

शेजारच्या गॅरेजमधून त्यांनी डिझेल गाडीची एक जुनी प्लेट आणली. प्लेटच्या मधल्या भोकाला आतून दाते असतात, ते गिअरबॉक्सच्या शाफ्टवरच्या दात्यांत बरोबर बसावे लागतात. त्यांनी फडक्यानं शाफ्ट पुसला आणि प्लेट त्यावर टेकवली. प्लेट अलगद आत सरकली. त्यांनी ती मागं-पुढं केली, डावी-उजवी हलवून बघितली. कुठं अडली नाही, कुठं ढिलीही नव्हती. मग फ्लायव्हीलच्या बोल्टांची भोकं जाड पुठ्ठ्यावर उमटवून ताडून बघितली. तीही जुळली.

"मागवा," ते म्हणाले. मी तिथंच उभ्या उभ्या ऑर्डर दिली.

सामान आलं त्या रविवारी मिस्टरांनी मला स्कूटरवरून गॅरेजवर सोडलं आणि तेही थांबले. मिस्त्रींनी फ्लायव्हील बसवून बोल्ट मापानं आवळले. नवी प्लेट बरोबर मध्यावर धरायला त्यांच्याकडं लेथवर कातून घेतलेला पितळी दांडा होता, तो घालून प्रेशर प्लेट एक बोल्ट इकडचा, एक तिकडचा अशी थोडी थोडी आवळत नेली. गिअरबॉक्स जॅकवर वर आला आणि शेवटच्या बोटभर अंतरावर अडला. मिस्टर म्हणाले, "बोल्ट लावून ओढून घेतला तर?"

"बोल्टानं ओढायचं न्हाय, पावणं. प्लेट मोडंल." मिस्त्रींनी शाफ्ट कणभर फिरवला, खांद्यानं हलकासा रेटा दिला, आणि गिअरबॉक्स टक् करून जागेवर बसला.

मग मी सीटवर बसून पेडल दाबलं. ते सरळ खाली गेलं आणि तिथंच राहिलं. परत वर येईना. बसला नाही, डिझेलचा बसलाच नाही, असंच वाटलं. "मिस्त्री, गेलं हो!" मी ओरडले.

गाडीखालून आवाज आला, "काय न्हाय गेलं. तेलाच्या पाइपात हवा हाय. मी सांगतो तसं दाबा, धरा, सोडा."

दाबायचं, दाबून धरायचं, ते खाली नळीचा बोल्ट सैल करून हवा आणि तेल बाहेर काढणार, बोल्ट आवळला की सोडायचं. सोडलेलं पेडल पायानंच मागून वर ओढायचं. मी सात-आठ वेळा केलं. नवव्या वेळी पाय वर येईना. गुडघ्यात कुणीतरी खिळा ठोकल्यासारखं झालं आणि डोळ्यांत पाणी आलं. खालून मिस्त्री "दाबा" म्हणत होते आणि मी नुसती बसून होते.

मिस्टर खिडकीपाशी आले. "काय झालं?"

"गुडघा," मी म्हणाले.

"कधीपासून दुखतोय?"

"पहिल्यापासून. थांबलाच नाही कधी."

ते रागावतील, गाडीचा विषय काढतील, असं मला वाटलं होतं. त्यांनी माझ्या पायाकडं बघितलं. "आणि मला वाटायचं, तू जिना सावकाश चढतेस ते माझ्यासोबत चढायचं म्हणून," ते म्हणाले. मग दार उघडलं. "उतर. मी दाबतो."

आयुष्यात ज्यांनी त्या गाडीला हात लावला नव्हता, ते तिच्या सीटवर बसून मिस्त्रींच्या हुकमावर पेडल दाबत होते. मी शेजारच्या बाकावर पाय लांब करून बसले. काही लपवायचं उरलं नाही म्हटल्यावर गुडघ्याचं दुखणंही निम्मं झाल्यासारखं वाटलं. वीसएक वेळा दाबून झाल्यावर मिस्टर म्हणाले, "आता कडक लागतंय बरं का."

मी जाऊन बसले. पेडल पायाच्या पंजानं दबलं, पूर्वीपेक्षा हलकं. गाडी सुरू केली, पहिला गिअर टाकला, आवाज न करता पडला. रिव्हर्सही पडला. मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. मिस्त्री खालून बाहेर येऊन म्हणाले, "बाई, पाचशे किलोमीटर सबुरीनं चालवा. नवी प्लेट हाय, तिला बसू दे. आणि पाय खाली ठेवायचा. न्हायतर माझ्याकडं येऊ नगा."

ते पाचशे किलोमीटर व्हायला दीड महिना लागला. शाळा, मंडई, एकदा राधानगरीला मिस्टरांच्या मावशीकडं. भाताची खाचरं बघत म्हशींच्या मागं मागं गाडी चालवली, एकदाही जोर केला नाही. मधल्या काळात मिस्टर मला हाडांच्या डॉक्टरकडं घेऊन गेले. डॉक्टरांनी फोटो काढला, पाय वाकवून-फिरवून बघितला आणि म्हणाले, ऑपरेशनची लगेच गरज नाही, मांडीचे स्नायू घट्ट करा, उड्या बंद. मुख्याध्यापकांना मी स्वतःच जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "बाई, उड्या मुली मारतील. तुम्ही शिट्टी मारा." एवढंच. एवढ्याचीच मी वीस वर्षं धास्ती घेतली होती.

पाचशे पूर्ण झाले त्या रविवारी आम्ही दोघं निपाणीच्या बाजूला हायवेवर निघालो. रस्ता मोकळा होता. डावा पाय मी खाली चटईवर ठेवला आणि तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला. गाडीनं उचल खाल्ली, पाठ सीटला चिकटली. आरपीएमचा काटा आणि वेग बरोबरीनं वर चढत गेले. मिस्टरांनी वरचं हँडल गच्च धरलं होतं.

"बास, बास," ते म्हणाले. मी पाय काढला. मग हँडल न सोडताच ते म्हणाले, "एकदा परत कर की."