कॉम्प्युटरच्या पोटातला कॉम्प्युटर

स्टुडिओवाल्या वहिनींचं डोकं एरवी थंड. पासपोर्ट फोटोत मी जाड का दिसतो, म्हणून भांडायला येणाऱ्यालाही त्या हसून वाटेला लावत. पण सध्या त्यांच्या वाऱ्यालाही उभं राहू नये अशी गत होती, आणि कारण होतं शाळेतली नोकरी.

पलीकडच्या गल्लीतल्या शाळेला कॉम्प्युटर लॅब सांभाळायला माणूस हवं होतं. लॅबमधली यंत्रं म्हातारी, जड सिस्टीम चढवली की धापा टाकायची. म्हणून मुख्याध्यापिकाबाईंनी अट घातली: एखादी हलकी ऑपरेटिंग सिस्टीम व्हर्च्युअल मशीनमध्ये बसवा, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतच दुसरा नकली कॉम्प्युटर उभा करा, पेन ड्राइव्हवर आणा आणि माझ्यासमोर चालवून दाखवा. लग्नाआधी वहिनी क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवायच्या. नंतरची वर्षं काउंटरवर फोटोंची पाकिटं देण्यात गेली. ही जागा त्यांना मनापासून हवी होती. फोटोवाल्या नवऱ्याला सांगितलं, तर तो मान वर न करता म्हणाला, "कर की. फक्त माझ्या फोटोंना हात लावू नकोस."

कॉम्प्युटर त्याचाच, स्टुडिओच्या मागच्या खोलीतला. दुपारी तो जेवून आडवा झाला की वहिनी तिथे बसायच्या. आधी तर ते नकली मशीन सुरूच होईना. कुठल्याशा कोपऱ्यातल्या सेटिंगमध्ये ते चालवायची परवानगी बंद होती, ती शोधता शोधता डोळे गेले. मग मेमरीचं रडगाणं. नकली कॉम्प्युटरला कमी दिली तर तो अर्ध्यात अडायचा, जास्त दिली तर खरा मान टाकायचा. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

तेही जमलं, तर नवीनच तऱ्हा. 'सिस्टीम बसवून झाली, रीस्टार्ट करा' असं यायचं, रीस्टार्ट केलं की पुन्हा पहिला प्रश्न: भाषा कोणती? ये रे माझ्या मागल्या. असं किती वेळा झालं कोण जाणे. शेवटी कळलं, सिस्टीम बसवायला नकली ड्राइव्हमध्ये घातलेली नकली डिस्क काढायचीच राहत होती. वहिनींनी स्वतःलाच दोन शिव्या घातल्या.

शाळेत जायच्या आदल्या दुपारी सिस्टीम एकदाची चालली. छोटासा स्वच्छ पडदा. वहिनी उगाचच खिडक्या उघडत आणि मिटत बसल्या. मग पेन ड्राइव्ह आणायला बाजारात गेल्या.

परत आल्या तर नवरा खुशीत. "अगं, डिस्क भरली होती. गिऱ्हाइकाच्या लग्नाचा व्हिडिओ सेव्ह होईना. बघतो तर कसलीशी भली मोठी फाइल, ना फोटो ना व्हिडिओ. उडवली. कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. आता बघ कसं मोकळं झालंय."

"ती माझी होती," वहिनी म्हणाल्या. "उद्या शाळेत न्यायची होती."

"मला काय माहीत? मग परत टाक ना, तासाभराचं तर काम."

तासाभराचं काम म्हणे. इतक्या दुपारी हा माणूस दाराच्या पडद्यापलीकडे घोरत होता, आणि आपली बायको आत बसून काय करते, कुठे अडते, हे त्याने एकदाही विचारलं नव्हतं. फाइल गेल्यापेक्षा वहिनींना ते जास्त लागलं. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"उठा."

"अगं, नवरीचा भाऊ येतोय व्हिडिओ न्यायला."

"उठा म्हटलं ना."

तो उठला. वहिनी बसल्या आणि पहिल्या पडद्यापासून सुरुवात केली. भाषा कोणती? घाईत चुकीचं बटण दाबलं गेलं, पुन्हा मागे यावं लागलं. तो मागे उभा राहून बघत होता. मध्येच म्हणाला, "एवढं सगळं करावं लागतं?" वहिनींनी पुढचं बटण दाबलं.

तेवढ्यात नवरीचा भाऊ दारात आला. "झाला का व्हिडिओ?"

फोटोवाल्याने पडद्याकडे पाहिलं, मग बायकोच्या पाठीकडे. "आज नाही होणार," तो म्हणाला. "कॉम्प्युटरवर ही बसली आहे."

"अहो, तुम्हीच आज या म्हणालात."

"म्हणालो खरं. चूक माझी," फोटोवाला म्हणाला, आणि पुढचं गिऱ्हाईक परत पाठवायला दारात स्टूल टाकून बसला.