न मोजलेले पास

पद्मजामावशी कॉलेजात बास्केटबॉल खेळायची. बॉल हिनं पुढे न्यायचा, हिनंच पास द्यायचा आणि बास्केट करायची मैत्रिणीनं, सत्यशीलाबाईंनी. पेपरात पॉइंट्स छापून यायचे ते सत्यशीलाबाईंचे. ती कात्रणं त्या अजून पाहुण्यांना दाखवतात. मावशीचे पास कोणी मोजलेच नाहीत.

परवा बालेवाडीला लीगची मॅच बघायला मी दोघींना नेलं. एका पोराचे आकडे स्क्रीनवर झळकले: पॉइंट्स दोन, असिस्ट अकरा. त्याच्या पासवर अकरा बास्केट्स झाल्या म्हणून सगळं स्टेडियम टाळ्या वाजवत होतं. मावशीच्या पोटात दुखायला लागलं.

"पासचेसुद्धा लाड! आमच्या वेळी नव्हते हो असले रकाने," ती फणकारली.

पॉपकॉर्न खात सत्यशीलाबाईंनी विचारलं, "पद्मे, असिस्ट म्हणजे काय गं?"