डाव्या चाकाचे नट

आमच्या जीपचं पुढचं डावं चाक निखळलं, यात चाकाचा काही दोष नव्हता. दोष सगळा माझा होता, आणि तो कबूल करायला मला आमरसाच्या तीन वाट्या लागल्या.

साठ सालाच्या आसपासची गोष्ट. ब्राह्मणपुरीला आमची केळी-कापसाची शेती होती आणि लष्कराच्या लिलावातून आणलेली एक जुनी जीप. जमनाचं, म्हणजे माझ्या बायकोचं, माहेर तापीपलीकडे. माझ्या आईच्या आजारपणात तिच्या तीन आखाज्या सासरीच गेल्या होत्या. (आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीने माहेरी जाऊन निंबाच्या झोक्यावर बसायचं, ही आमच्याकडची रीत!) त्या वर्षी तिच्या आईचा निरोप आला, "जमना उनी का मंग जेवसू."

म्हणजे लेक पोचेपर्यंत म्हातारी उपाशी!

"दुपारच्या आत पोचवतो!" मी छाती काढून सांगितलं. तापीची वाळू ओलांडायची, म्हणून जीपला रुंद, दातेरी टायर बसवायला घेतले. टायर नवे, तर ब्रेकही नवे! (हे मला कोणीही सांगितलं नव्हतं.)

ब्रेकच्या नळीतली हवा काढायला दोन माणसं लागतात. एकाने वर बसून ब्रेक दाबायचा, दुसऱ्याने खाली झोपून बोल्ट ढिला करायचा. मी खाली, जमना वर.

"दाब!"

"दाबेल शे."

"सोडू नको!"

"कितला येळ?"

"मी सांगस तवलोंग!"

तेवढ्यात माझ्या डोळ्यात तेल गेलं. मी विहिरीवर जाऊन डोळा धुतला, पाणी प्यालो, शेजाऱ्याला टायर दाखवले. परत आलो तर जमना ब्रेक दाबून तशीच बसलेली! अशी तिची अख्खी दुपार गेली.

आता नट. त्या जीपच्या उजव्या चाकांचे नट ज्या दिशेने आवळतात, त्याच दिशेने डाव्या चाकांचे ढिले होतात. चाकं काढतानाच हे मला कळलं होतं. (अर्धा दिवस लागला.) जमनानेही ते पाहिलं होतं. फरक एवढाच, की तिच्या लक्षात राहिलं.

आखाजीच्या सकाळी गल्ली आम्हाला निरोप द्यायला जमली. माणसं बघताहेत म्हटल्यावर मला राहवेना. पाना घेऊन मी चारही चाकांचे नट शेवटचे आवळले. सगळे एकाच दिशेने!

जमना हळूच म्हणाली, "अहो, त्या बाजूना नट उलटा शेतस ना?"

"तुले काय समजस त्यानामा? गपचूप बठ!"

गल्ली हसली. जमना गाडीत चढली.

तापीच्या उताराशी आलो, तोच एक चाक आमच्या शेजारून ऐटीत पुढे गेलं.

"दख, कोनं तरी चाक चालनं!" मी म्हणालो.

"आपलंच शे ते!"

"आपलं कसं राही? आपली गाडी तर..."

आपली गाडी डावीकडे बसली! मी दोन्ही पायांनी ब्रेकवर उभा राहिलो. जीप खरडत गेली आणि काठापासून दोन हातांवर थांबली. जमनाने दुपारभर पाय रोवला होता तोच हा ब्रेक. तो लागला नसता, तर हे लिहायला मी उरलो नसतो.

चाक मात्र खालच्या टरबुजाच्या वाडीत जाऊन एका टरबुजावर विसावलं होतं. मी ते ढकलत वर आणेपर्यंत जमना रस्त्याने मागे जाऊन पदरात तीन नट घेऊन आली. मी जॅक लावला, नट तिने आवळले, मागच्या डाव्या चाकाचेही. उलट्या दिशेने. एक शब्द बोलली नाही. बोलली असती, तर मी सुटलो असतो.

पोचलो तेव्हा सावल्या लांबल्या होत्या. सासूबाई ओट्यावर उपाशी बसलेल्या.

"काय व्हयनं वो, माय?"

"रस्ताच तसा," जमना म्हणाली. "खड्डामा चाक गयं. ह्यास्नीच वाचाडं."

झालं! जावयाला पाट, पाटाभोवती रांगोळी, पुरणपोळीवर तुपाची धार, वाटीत आमरस. सासूबाई दर वाटीला म्हणत, "जवाई व्हतात म्हनीसन मन्ही पोर दिसनी!" पहिली वाटी कशीबशी गिळली. दुसरी संपता संपेना. तिसरी समोर आली आणि मी खरकट्या हाताने उठलो. गप्प बसवलं होतं चार लोकांत, तेव्हा माफीही चार लोकांतच मागायला हवी होती.

अंगणात झोक्यापाशी जमना आणि सगळ्या बायका होत्या. मी वळलो, हात जोडले आणि लाजेने डोळे घट्ट मिटून घेतले.

"जमना, नट मीच ढिला करात. तू सांगं, मी ऐकं नही. तुन्हा ब्रेकनी आपला जीव वाचाडा. मी चुकनू. माले माफ कर."

डोळे उघडले, तर समोर दावणीची म्हैस रवंथ करत माझ्याकडे बघत होती. सगळे नट फिरवले होते, तसाच मीही उजवीकडे वळलो होतो!

"अहो," डावीकडून जमनाचा आवाज आला, "इकडे."

मी वळलो आणि सगळं पहिल्यापासून पुन्हा म्हणालो.