शोकेसखाली माझा पलंग

मी झोपते त्या पलंगाच्या बरोबर डोक्यावर काचेचं शोकेस आहे. त्यात एक रेल्वेचं इंजिन, एक पवनचक्की आणि एक किल्ला आहे, सगळं प्लास्टिकच्या ठोकळ्यांचं. एखादा स्क्रू निसटला तर किल्ल्यासकट सगळं माझ्या अंगावर येईल, असं मी सुतार काम करत होता तेव्हाच म्हणाले होते. त्यानं शोकेसला लोंबकळून दाखवलं. तरी पहिले काही दिवस मी पायथ्याशी डोकं करून झोपले.

माझा स्वभाव संशयी आहे, हे मी लपवत नाही. नोकरीनं तो तसा झाला असं मी सांगते. घरचे म्हणतात, आधीपासूनच होता. उभी हयात मी खेड्यातल्या आरोग्य उपकेंद्रात नर्सबाई म्हणून काढली. गरोदर बायांना रक्तवाढीच्या लाल गोळ्या द्यायच्या आणि पुढच्या फेरीला विचारायचं, ‘घेतल्या का?’ सगळ्या म्हणायच्या, ‘घेतल्या की बाई.’ आणि डोळ्याची खालची पापणी ओढून बघावी तर पांढरीफटक. मग मी उठून उशीचा अभ्रा चाचपायचे, ज्वारीच्या डब्यात हात घालायचे, पेटीतल्या साड्यांच्या घड्या उचकायचे. गोळ्या सापडायच्याच. माणूस कुठं काय लपवतो हे माझ्याइतकं कोणाला कळत नाही, अशी माझी पक्की समजूत होती.

सेलूतलं आमचं घर लहान आहे. पुढची खोली, स्वयंपाकघर, मुलाची-सुनेची खोली आणि ही एक, जिच्यात पलंग टाकला की दार पुरतं उघडत नाही. या खोलीत मी आणि माझी नात. ती दुसरीत आहे. पलंगाखाली आमच्या यांची रेल्वेतल्या नोकरीतली लोखंडी पेटी, तिच्यात माझ्या ठेवणीतल्या साड्या. बाकी सगळी खोली ठोकळ्यांनी घेतली.

मुलगा जिनिंगवर हिशेब बघतो. कापसाचा हंगाम लागला की तो घरात फक्त जेवायला आणि झोपायला येतो, लेकीशी बोलायला त्याला वेळ नसतो. त्याची भरपाई म्हणून तो मोबाइलवरून ठोकळ्यांचे खोके मागवतो. सून पतसंस्थेत नोकरीला आहे. टापटीप तर इतकी, की डाळींच्या डब्यांवरसुद्धा तिनं नावं चिकटवलीत. ठोकळे तिनं रंगांनुसार लावले, आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांत. लाल वेगळे, पिवळे वेगळे. नातीला दोन चाकं हवी असली की सगळे डबे उपडे करावे लागायचे, कारण चाकं काळी होती आणि काळ्यांच्या डब्यात अजून शंभर वस्तू. मी माझं जुनं सुती लुगडं जमिनीवर अंथरलं. त्यावर पसरून खेळायचं आणि झालं की चार टोकं धरून गाठोडं बांधायचं. पोरगी खूश झाली. सून म्हणाली, “आई, गाठोडं काय बरं दिसतं का?”

तिचं सगळं असं दिसण्यावर. शोकेस त्यासाठीच केलं. आत पांढऱ्या दिव्यांची पट्टी, खाली मखमली कापड. नियम असा की जे पूर्ण झालं ते वर जाणार आणि अर्धवट आहे ते खाली राहणार. पूर्ण झालं की सून त्याचा फोटो काढायची, मोबाइलवर स्टेटस ठेवायची, ओल्या फडक्यानं पुसायची आणि काचेआड ठेवून वरची कडी लावायची. पोरीचा हात तिथवर पोचत नाही. घरी कोणी आलं की त्यांना शोकेस बघायला या खोलीत आणायचे, आणि जागा व्हावी म्हणून मी पलंगावर पाय पोटाशी घेऊन बसायचे. पाहुणे किल्ल्याकडे बघायचे, मग माझ्याकडे बघायचे. मला वाटायचं, आता माझीही किंमत विचारतील.

मी एकदा सुनेला म्हणाले, “खेळू दे की तिला त्या इंजिनशी. तिचंच हाय.”

“आई, तुटलं तर? एवढं महागाचं.” मग म्हणाली, “माझी बाहुली माझ्या आईनं पन्नीतून काढली न्हाई कधी. लग्न झालं तरी नवीच्या नवी होती.”

हे तिनं अभिमानानं सांगितलं की दुःखानं, ते मला अजून उमगलेलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत माझी लेक पालमहून आली. तिची मुलगी माझ्या नातीपेक्षा दोन वर्षांनी मोठी. दोघींनी मिळून लाल बस जुळवायला घेतली, आणि शेवटी पुढचं एक चाक सापडेना. सुनेनं पलंगाखाली हात घालून पाहिलं, मोरीत पाहिलं, मला विचारलं, “झाडताना गेलं का हो?” मी म्हणाले, मी झाडते तेव्हा केर तपासून टाकते. बस अर्धवट म्हणून खाली राहिली.

जानेवारीत लेक पुन्हा आली. या खेपेला दोघी पोरी बंगला बांधत होत्या, दोन मजली, गॅलरीसकट. दोघी मिळाल्या की काम झपाट्यानं व्हायचं. भिंती झाल्या, खिडक्या बसल्या आणि छपराचा वरचा मोठा लाल तुकडा गायब. आता मात्र सुनेनं कोणाला काही विचारलं नाही. मला ते जास्त खटकलं. लेक निघाली त्या सकाळी सून लाडू घेऊन आली, म्हणाली, “ताई, पोरीच्या पिशवीत ठेवते हं,” आणि लेकीच्या लेकीची पिशवी तिनं उघडली. लाडू ठेवायला पिशवीतले कपडे बाहेर काढावे लागत नाहीत. तिनं फ्रॉक काढला, तो झटकला, पुन्हा घातला. पोरगी भिंतीला टेकून गप्प उभी होती. माझ्या लेकीनं सगळं पाहिलं आणि एसटीची वेळ झाली म्हणून चहा न घेता गेली.

त्यानंतर ती आली नाही. फोन केला की म्हणायची, “गाड्यांला लय गर्दी ऱ्हायलीय माय.” पालमची गर्दी मला माहीत आहे. मी तुटले आतून. लेक दुखावली आणि तिचं माहेर म्हणजे माझीच खोली होती.

आता माझ्या मनात सुनेबद्दल पाल चुकचुकली. दोन्ही वेळा वस्तू जाते ती माझी लेक असताना, हा काय योगायोग? मला वाटलं, तिला लेकीचं येणंच नको आहे, म्हणून हीच लपवायलीय. दुसरंही वाटलं, की हिला ही खोली पूर्ण खेळण्यांची करायची आहे आणि माझा पलंग पुढच्या खोलीत टाकायचा आहे. ती पतसंस्थेत गेली की मी घराची झडती घ्यायचे. नावं चिकटवलेले सगळे डबे उघडले. तूरडाळीत हात कोपरापर्यंत घातला. तिच्या कपाटातल्या रुमालांच्या घड्या मोडल्या आणि तशाच परत घातल्या. काही मिळालं नाही. न मिळाल्यानं माझा संशय वाढलाच, कारण जी बाई इतकं नीट लपवते ती साधी नाही.

जयंती उद्यावर आली. दरवर्षी जयंतीला लेक येते, आम्ही मायलेकी पांढऱ्या साड्या नेसून पुढच्या खोलीतल्या बाबासाहेबांच्या आणि बुद्धांच्या फोटोपुढे बसतो, मग संध्याकाळी मिरवणुकीला जातो. मी सकाळी फोन केला. ती म्हणाली, “बघते.” माझी लेक ‘बघते’ म्हणाली की येत नाही.

दुपारी मी पेटी ओढून पांढरी साडी काढली. घडी उलगडली आणि पोरीच्या शाळेच्या मोज्याची एक गुंडाळी खाली पडली. आत बसचं चाक आणि छपराचा लाल तुकडा.

खरं सांगते, पहिला विचार सुनेचाच आला. तिनंच ठेवलं, मला चोर ठरवायला. उद्या सगळ्यांसमोर म्हणेल, आईची पेटी बघू. मी मोजा बघत बसले. पण लपवायला इतक्या लहान पोरीचा मोजा घेईल अशी माझी सून नाही, तिनं स्वच्छ पांढरा रुमाल घेतला असता. आणि ही पेटी मी वर्षातून दोन-तीनदाच उघडते, हे या खोलीत झोपणाऱ्या एकाच माणसाला पक्कं माहीत होतं.

एप्रिलात शाळा सकाळची असते. नात आली, दप्तर टाकलं, आणि माझ्या मांडीवरचा मोजा पाहून दारातच थांबली.

“हे काय हाय?” मी नर्सबाईच्या आवाजात विचारलं.

ती पुढं आली, मोज्याचं टोक चिमटीत धरलं. मग म्हणाली, “पूर्ण झालं की मम्मी वर ठेवते. मग हात न्हाई लावू देत.”

“म्हणून लपवलंस?”

“छप्पर नसलं तर आत हात जातो आज्जी. माणसं झोपवता येतात.”

मी विचारलं, “तुझ्या ताईला म्हाईत होतं?”

ती म्हणाली, “तिनंच शपथ घेतली, कोनाला सांगनार न्हाई म्हणून.”

म्हणजे पिशवीतला फ्रॉक झटकला जात असताना माझ्या लेकीची लेक सगळं माहीत असून गप्प उभी होती. एवढीशी पोरगी. एक वाक्य बोलली असती तर सुटली असती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि रागही आला, कोणाचा ते कळलं नाही. नात म्हणाली, “मम्मीला सांगू नको. ती सगळंच वर ठेवील.” ते मात्र मला खरं वाटलं.

रात्री जेवणं चालू असताना मी दोन्ही तुकडे मोज्यातून काढून ताटाशेजारी ठेवले. म्हणाले, “माझ्या पेटीत सापडले. साड्यांच्या घडीत गेले असतील, मीच ठेवले असतील, ध्यानात न्हाई.”

मुलगा हसला. नात वरणभातात बोट फिरवत राहिली. सून हसली नाही. तिनं माझ्याकडे जसं पाहिलं तसं मी गोळ्या लपवणाऱ्या बायांकडेसुद्धा पाहिलं नव्हतं; दया होती त्यात. ती उठली आणि तिनं स्वतः पालमला फोन लावला. “ताई, माझं चुकलं बरं का. ठोकळे आईच्या पेटीत होते. वय झालं आता, होतं असं. उद्या या, तुमच्याशिवाय जयंती कशी?”

मला विस्मरण झाल्याचं तिनं असं जाहीर करून टाकलं. उभी हयात लोकांच्या गोळ्यांचा हिशेब ठेवणाऱ्या बाईच्या हातावर तिनं रात्री रक्तदाबाची गोळी ठेवली आणि गिळेपर्यंत समोर उभी राहिली. मला इतकं झोंबलं म्हणून सांगू. पण लेक सकाळच्या गाडीनं आली, आणि मी पांढऱ्या साडीत तिच्या शेजारी बसले.

ती यायच्या आधीच सुनेनं बंगल्याला छप्पर लावलं होतं. फोटो काढला, फडक्यानं पुसला आणि दिव्याखाली ठेवून कडी लावली. बसही वर गेली. खाली लुगड्यावर काहीच उरलं नाही. दोन्ही पोरी माझ्या पलंगावर उभ्या राहून काचेला नाक लावून बघत होत्या. नात माझ्याकडे वळली नाही. आज्जीनं सांगितलं नाही, पण तुकडे दिले ते आज्जीनंच, असं काहीतरी तिच्या मानेत होतं.

दुपारी सगळे पुढच्या खोलीत खिरीला बसले. मी पलंगावर चढले, कडी काढली, छपराचा तुकडा उचलला आणि कनवटीला खोचला. खाली उतरताना गुडघा वाजला. कोणी ऐकेल म्हणून मी जरा थांबले, मग जाऊन खिरीची वाटी घेतली.

मिरवणुकीला निघायच्या आधी सून शेजारणीला बंगला दाखवायला आली आणि काचेआडचा बिनछपराचा बंगला पाहून दारात थांबली. लेकीच्या लेकीची पिशवी तिथंच, पलंगाच्या कडेला टेकलेली होती. मी बघत होते, सुनेचे डोळे कुठं जातात ते. ते पिशवीकडे गेलेच नाहीत. सरळ माझ्याकडे आले.

“आई,” ती अगदी हळू म्हणाली, “पेटी बघू का जरा?”

“बघ की.”

तिनं पेटी ओढली, एकेक साडी उचलली, घडी न मोडता परत ठेवली. काही सापडलं नाही. मग शेजारीण बघत होती म्हणून असेल, तिनं उसासा टाकून शोकेस उघडलं आणि बंगला काढून खाली, लुगड्यावर ठेवला. म्हणाली, “असा अर्धवट बरा न्हाई दिसत.”

पोरी दोन्ही बाजूंनी बसल्या. नातीनं वरून आत हात घातला आणि ठोकळ्यांची एक बाई वरच्या मजल्यावर निजवली. माझ्या लेकीनं ते पाहिलं, मग माझ्या कमरेकडे पाहिलं, जिथं साडीचा बोंगा जरा जास्तच फुगला होता. मी पदर ओढून घेतला.