साडूभाऊंची जोडणी

माझ्या थोरल्या साडूंइतका हताश माणूस मी उभ्या मराठवाड्यात पाहिलेला नाही. निवडणुकीत पडलेली माणसं पाहिली, रुसलेल्या व्याह्यांपुढे हात जोडून उभे असलेले वधुपिते पाहिले. पण त्यांच्या हताशपणाला कधीतरी सुट्टी असे. साडूभाऊंच्या हताशपणाला ती नव्हती, कारण त्याचं मूळ त्यांच्या लातूरच्या घरात, दिवाणखान्याच्या मधोमध पाटावर बसवलेलं होतं. तो एक जुना जर्मन ॲम्प्लिफायर होता. लाकडी पेटी, चांदीसारखी बटणं, दोन्ही बाजूंना जोडलेला एकेक स्पीकर आणि चालू केल्यावर हिरवा उजळणारा एक दिवा. साडूभाऊ पाटबंधारे खात्यात कारकून होते. खात्यात पाणी नव्हतं आणि घरात आवाज नव्हता, असे दोन्हीकडून ते कोरडे होते.

तो ॲम्प्लिफायर त्यांनी नांदेडच्या एका चाचांकडून घेतला. चाचा जुन्या रेकॉर्डी विकत. दुकान आवरून मुलीकडे हैदराबादला निघाले तेव्हा पेटीवरून हात फिरवत म्हणाले, "साहेब, इसको संभालना." चाचांनी ते सहज म्हटलं असेल, साडूभाऊंनी ती शपथ मानली. मी नांदेडचाच, म्हणून पोचवायला सोबत गेलो. एसटीत खिडकीची जागा त्याला मिळाली, त्याच्या शेजारी साडूभाऊ बसले आणि मी लातूरपर्यंत दांडा धरून उभा राहिलो. कंडक्टरने विचारलं, "हे काय हाय?" साडूभाऊ म्हणाले, "घरचंच हाय."

ते किती घरचं आहे हे भूकंपाच्या पहाटे कळलं. लातुरात त्यांच्या भागात भिंतींना तडे गेले, माणसं वाचली. सगळी गल्ली अंगणात धावली तेव्हा साडूभाऊही धावले, ॲम्प्लिफायर छातीशी कवटाळून. अक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, घरातच राहिली होती. ती मागून एकटी, भिंतीला धरत बाहेर आली. नवऱ्याकडे बघून चारचौघांत एवढंच म्हणाली, "बरं झालं. त्याला काही लागलं न्हाई." पुढे तिने हा विषय कधी काढला नाही. फक्त त्या खोलीत ती झाडायला जाई, बसायला कधी गेली नाही.

साडूभाऊंनी मग एकच ध्यास घेतला. अक्काला एकदा त्या खोलीत बसवायचं आणि मनासारखं गाणं ऐकवायचं. अडचण अशी की रेकॉर्ड वाजवायची सुई त्याच सुमारास तुटली आणि तशी सुई पुन्हा कुठे मिळाली नाही. आता गाणं दुसऱ्या कशातून तरी आणायला हवं होतं. पण ॲम्प्लिफायरच्या पाठीला पाच-पाच भोकांची गोल सॉकेटं होती आणि बाजारात येणाऱ्या दर नव्या यंत्राची पिन निराळी असे.

पुण्याच्या पुतण्याने सीडीचं यंत्र आणलं. साडूभाऊंनी ते मोठ्या मानाने रेकॉर्ड प्लेअरच्या सॉकेटात जोडलं. सुईतून येणारा आवाज अगदी इवला असतो, तो फुगवण्यासाठी ती जागा केलेली असते. तिथे सीडीचा धडधाकट आवाज सोडल्यावर गाणं निघालं नाही, नुसता घुमारा निघाला. खिडक्यांची तावदानं थरथरली, मांडणीवरची भांडी वाजली. भूकंपाला फार दिवस झाले नव्हते, माणसं अजून घरात झोपत नव्हती. क्षणात गल्ली रस्त्यावर. कुणाच्या गालाला साबण, कुणाच्या हातात कणीक. "काही न्हाई, काही न्हाई, माझी मशीन हाय," असं ओरडत साडूभाऊ बाहेर आले. लोकांनी त्यांना मनसोक्त शिव्या घातल्या. पण शेजारी पाहुण्या आलेल्या एक म्हातारबाई मातीत बसल्या, त्या उठेचनात. किल्लारीकडच्या होत्या. त्यांचं म्हणावं असं गावात कुणी उरलं नव्हतं. साडूभाऊ त्यांच्यापुढे कान धरून उभे राहिले. नंतर कितीतरी महिने त्यांनी तो हिरवा दिवा लावला नाही.

लावला तेव्हा योग्य सॉकेट सापडलं होतं, तार नवी होती आणि गाण्याच्या मागे एक अखंड गुंऽऽ येत होतं. कुणीतरी सांगितलं, अर्थिंग कोरडं पडलंय, अंगणात त्याची तार पुरलीय त्या खड्ड्यात पाणी घाला. आता लातुरात उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी घालणं म्हणजे काय, हे लातूरकरालाच ठाऊक. टँकरसाठी गल्लीत घागरी ओळीने लागलेल्या, आणि साडूभाऊ चोरून तांब्याभर पाणी नेऊन मातीला पाजताहेत. अक्काने पकडलं. "माणसाला प्यायला न्हाई अन् हे भुईला पाजून राहिले!" गुंऽऽ त्या पाण्याने जरा कमी झालं, पण घरातल्या बोलण्यातला कोरडेपणा वाढला.

मग लातुरात क्लासेसचं पेव फुटलं. गल्लीत घरावर घरं चढली. प्रत्येक खोलीत डॉक्टर व्हायला आलेली मुलं, प्रत्येक वळणावर मेस. साडूभाऊंनीही माडीवर खोल्या काढल्या. बटणाला हात लावला की वरून आवाज येई, "अंकल, उद्या टेस्ट हाय!" उद्या टेस्ट नाही असा दिवस लातुरात उगवत नव्हता. दरम्यान निवृत्त झालेल्या साडूभाऊंनी मोबाइलला जोडणारी तार स्वतः कथलाचा डाग देऊन बनवली. ती एकाच बाजूने चाले. जुन्या गाण्यात तबला एकीकडे आणि गाणारी बाई दुसरीकडे असते. साडूभाऊंच्या वाट्याला नुसता तबला आला. त्यांनी तोही डोळे मिटून ऐकला. मी नांदेडहून गेलो होतो, मला म्हणाले, "पाव्हणं, बाई येतील. वाट बघू." बाई आल्या नाहीत. तार दुरुस्त होईपर्यंत त्यांच्या मुलीने नवा मोबाइल पाठवला, त्याला तार घालायचं भोकच नव्हतं. तो उलटासुलटा करून पाहताना साडूभाऊंचा जो चेहरा झाला होता, तो मी आजवर विसरलेलो नाही.

अशात अक्काचं हृदय दुखावलं. झडप नीट मिटत नाही, या वयात आणि अशा तब्येतीत ऑपरेशन झेपायचं नाही, असं डॉक्टर म्हणाले. स्वयंपाकघरामागच्या तिच्या खोलीत धग फार, म्हणून तिची खाट दिवाणखान्यात आणली. साडूभाऊंनी बिनतारी आवाज पकडणारी एक डबी मागवली आणि ती ॲम्प्लिफायरला जोडली. आम्ही दोघं नवराबायको अक्काला बघायला गेलो होतो, दुपारची वेळ होती. साडूभाऊंनी अंघोळ करून धुतलेला सदरा घातला होता. त्यांनी विचारलं, "काय लावू?"

"लावा तुमच्या मनाला येईल ते," अक्का म्हणाली.

हिरवा दिवा लागला. खरखर नाही, गुंऽऽ नाही. साडूभाऊंनी मोबाइलवर बोट ठेवलं, आणि त्या जर्मन पेटीतून भरदार, स्वच्छ आवाज आला, "तर विद्यार्थी मित्रांनो, मानवी हृदयाला चार कप्पे असतात."

माडीवरच्या कुणा मुलाने धडा ऐकायला मोबाइल लावला होता आणि कानातल्या यंत्राऐवजी चुकून साडूभाऊंच्या डबीशी जुळवला होता. साडूभाऊ काळेनिळे झाले. बटणाकडे झेपावले.

"राहू द्या," अक्का म्हणाली.

"अगं, हे गाणं न्हाई."

"कळून राहिलं मला. डॉक्टर इंग्रजीत काय बोलला, उमगलंच न्हाई. ह्यो नीट सांगून राहिला."

साडूभाऊ खाटेच्या काठावर बसले. तो मास्तर रक्त कुठून येतं, कुठे जातं ते समजावत होता. झडप मिटली नाही तर रक्त मागे फिरतं, असं त्याने सांगितलं तेव्हा अक्काने छातीवर हात ठेवून विचारलं, "माझं तेच व्हय?" साडूभाऊंनी मान हलवली. इतक्या दिवसांत तिला हे सांगायची त्यांची हिंमत झाली नव्हती. धडा संपेपर्यंत दोघं तशीच बसून होती. शेवटी ती म्हणाली, "आवाज मात्र चांगला हाय हो तुमच्या पेटीचा."

साडूभाऊ पाणी आणतो म्हणून आत गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत. माझी बायको बघायला गेली, तर ते माठाला टेकून रडत होते.

अक्का दिवाळीआधी गेली. गाणं ऐकायचं राहूनच गेलं. मधल्या दिवसांत कधी डबी रुसे, कधी वीज जाई, आणि एरवी बहुतेक वेळ तिला झोप लागलेली असे.

परवा लातूरला गेलो होतो. आता डबी मोबाइलला पटकन ओळखते, दोन्ही बाजू वाजतात, असं साडूभाऊंनीच सांगितलं. मी म्हटलं, "लावा की मग काहीतरी." ते "लावू, लावू" म्हणाले आणि मला बाहेर ओट्यावर घेऊन आले. क्लास सुटला होता. पाठीवर दप्तरं लादलेली मुलं घोळक्याने जात होती. साडूभाऊ ओळखीच्या-अनोळखी सगळ्यांना विचारत होते, "जेवलात का रे?" काही मुलं हसत, काही कानांत बोंडं घालून तशीच पुढे जात. ऊन उतरलं तसा मी उठलो, चपला घातल्या.

"नांदेडला पोचायला अंधार होईल तुम्हाला," साडूभाऊ रस्त्याकडे बघत म्हणाले. "राहता का आज?"

मी चपला काढल्या आणि पुन्हा त्यांच्याजवळ बसलो.